ताई, तुझ्या बसमध्ये बसलो

तीर्थरूप ताई,

वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, मोठ्या भावंडांना तीर्थस्वरूप. चुकलं की अर्धा गुण कापायचो. आज मुद्दाम तीर्थरूप लिहिलंय. काप अर्धा गुण, तुझा हक्क आहे.

तू गेलीस त्याला चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या बहिणीसाठी दोन ओळी सुचू नयेत? वही उघडायचो, वर तारीख घालायचो आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघत बसायचो. दुपार अशीच निघून जायची.

पण काल मी तुझ्या बसमध्ये बसलो. तुझ्या म्हणजे तुझ्यासारख्या. बंदरावरून निघते, जहाजातून आलेल्या पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखवते, आणि जहाज सुटायच्या आत त्यांना परत नेऊन सोडते, तसली. त्या बसमध्ये मला जे बोलायचं होतं त्यातलं निम्मंच बोलून झालं. उरलेलं निम्मं तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहितोय.

दुपारचे तीन वाजलेत. गॅलरीत खुर्ची टाकून बसलोय. पोटऱ्या ठणकतायत, तेल चोळलं तरी उतार नाही. शहात्तर वर्षांच्या माणसानं एका दिवसात अख्खी मुंबई बघू नये. आणि तू हे आठवड्यातून चार-चार दिवस कसं करायचीस गं? संध्याकाळी घरी आलीस की बादलीत पाय बुडवून बसायचीस. मी म्हणायचो, "बसमधून तर फिरतेस, पाय कशानं दुखतात?" तू नुसती हसायचीस. काल कळलं कशानं दुखतात.

झालं असं, की महिन्यापूर्वी अनघाचा फोन आला. "बाबा, आमचं जहाज मुंबईला लागतंय!" सासऱ्यांची पंचाहत्तरी म्हणून तिच्या सासरची सगळी हैदराबादची मंडळी सिंगापूरहून जहाजानं निघणार होती. मी आनंदानं विचारलं, "किती दिवस राहणार?"

"दिवस नाही हो बाबा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच."

"मग सगळे जेवायला या. मी बांगडे आणून ठेवतो."

"बाबा... सगळ्यांनी मिळून टूर घेतलीय. सासूबाईंना मुंबई बघायचीय. तुम्हीच या ना बसमध्ये! एक सीट रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय."

बघ म्हणजे! दोन वर्षांनी लेक गावात येणार, आणि बापानं तिला भेटायला तिकीट काढून आपलंच गाव बघायचं. मी नाहीच म्हणणार होतो. पण मग वाटलं, लेकीशेजारी बसायला मिळेल दिवसभर. नाहीतर कोण बसतंय माझ्याशेजारी? अनघा सासरी गेली, तिची आई शैला गेली, मग आपण दोघंच होतो. आता खोलीत मी आणि रेडिओ.

तर काल सकाळी आठ वाजता बॅलार्ड पिअरला ग्रीन गेटच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. आत जहाज उभं होतं. केवढं गं ते! आपल्या चाळीसारख्या दहा चाळी एकावर एक रचाव्यात आणि पांढरा रंग द्यावा, तसं. प्रत्येक मजल्याला गॅलरी. फक्त कुणाचे कपडे वाळत नव्हते.

आमची बस सात नंबरची. अनघानं माझ्या छातीवर सातचा आकडा चिकटवला, लहान मुलाला सहलीला पाठवताना नाव टाचतात तसा. बाकीच्या बसचे गाइड हातात नंबरची पाटी धरून उभे होते. आमच्या बसची गाइड मात्र मिटलेली जांभळी छत्री उंच धरून उभी. सावळी, तिशीतली मुलगी, समता तिचं नाव. छत्री बघून मला तू आठवलीस. पण म्हटलं, छत्री काय, कुणाकडेही असते.

तिनं माझं मराठी ऐकलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही मुंबईचेच का? मेलेच मी! आता तुम्ही दिवसभर माझ्या चुका काढणार."

"छे हो," मी म्हणालो, "मी रिटायर झालोय."

ती मोकळं हसली. मग सीटच्या पाठीला बोट लावत लावत तिनं माणसं मोजली. मीही मागून मनात मोजली. बेचाळीस. दोघांचा आकडा जुळला. ही खोड शिक्षकाची, असं मी आजवर समजत होतो.

गेटवे झालं, मग मरीन ड्राइव्ह. मी आपला खिडकीला डोकं टेकून. बस एका लयीत चालली होती, मी बोटांनी मांडीवर गण पाडत होतो, य-य-य-य. अनघानं हात दाबला, "बाबा, झोपू नका."

गिरगाव चौपाटीवर बारा मिनिटं दिली. लोक उतरले, मी वाळूच्या कडेला उभा राहिलो. तुला आठवतं? गाइडच्या परीक्षेआधी रविवारी तू मला इथे घेऊन यायचीस. मी वाळूत बसून कवितांचं पुस्तक वाचायचो आणि तू समुद्राकडे तोंड करून, पदर खोचून, मोठ्यानं म्हणायचीस, "लेडीज अँड जंटलमेन, ऑन युवर लेफ्ट..." तुझ्या डाव्या हाताला भेळवाला उभा असायचा. तो दचकून बघायचा! मी हसून हसून आडवा. तुला राग नाही यायचा. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेली लालबागची मुलगी, गोदीजवळच्या कचेरीत दिवसभर टायपिंग करून रविवारी समुद्राला इंग्रजी शिकवत होती. मला तेव्हा त्याची फक्त गंमतच वाटली. आणखी काही का वाटलं नाही, ताई?

पुढे संपात बाबांची गिरणी बंद पडली, ती पडलीच. माझा दादरच्या शाळेतला पगार तोकडा, त्या आधी तर माझं बीएड. आईचा दमा. घर कुणी धरलं? तू धरलंस. तुझ्या त्या बसनं धरलं. आणि चाळीत कुणी विचारलं, ताई काय करते, तर मी सांगायचो, "शिपिंग ऑफिसात आहे." स्थळं यायची त्यांनाही तेच सांगायचो. म्हणायचो, तिच्याच भल्यासाठी. लोक वाईट बोलतात, गोऱ्यांबरोबर फिरते म्हणतात. तुला हे माहीत होतं. तू एकदाच म्हणालीस, "शिपिंग ऑफिसात झाडू मारते असं तरी नको सांगूस हां." आणि पोळी लाटत राहिलीस.

आता तो प्रसंग. हातातलं पेन जड झालंय, पण लिहितो.

बस मलबार हिल चढली आणि हँगिंग गार्डनपाशी थांबली. मी म्हणालो, गुडघे दुखतायत, मी बसमध्येच थांबतो. गुडघे दुखत होतेच. पण खरं कारण तू जाणतेस.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. सहावीची सहल तिथे नेली होती. मुलं म्हातारीच्या बुटात वर-खाली धावत होती, आमचे मुख्याध्यापक रुमालानं मान पुसत बाकावर बसले होते. आणि समोरून तुझा घोळका आला. काळा चष्मा, डोक्यावर गवताची हॅट, साडी चापून नेसलेली. एक म्हातारा गोरा पायरी उतरताना तुझ्या कोपराला धरून होता, आणि तू कशावर तरी मोठ्यानं हसत होतीस. तू मला पाहिलंस. केवढा आनंद झाला होता तुला! "बाबू! अरे बाबू!" म्हणून हाक मारलीस, छत्री हलवलीस.

मी मान फिरवली. मुलं मोजायला लागलो.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "कोण हो त्या? तुम्हाला हाक मारतायत वाटतं."

मी म्हणालो, "मला नाही, सर. गाइड असेल कुणीतरी."

तू ते ऐकलंस की नाही, मला आजही माहीत नाही. चार हातांवर होतीस. त्या दिवशी संध्याकाळी माझं ताट वाढलंस, कोलंबीचं सुकं जास्त घातलंस, आणि विचारलंस, "कशी झाली सहल?" बस. एवढंच. त्यानंतर पन्नासेक वर्षं आपण एका खोलीत राहिलो, पण तू त्यावर एक अक्षर काढलं नाहीस. का नाही भांडलीस, ताई? एकदा तरी थोबाडीत द्यायची होतीस! मी दर वर्षी वाट बघितली. आणि तुझ्या शेवटच्या फेरीला तू बोलावलंस, "बाबू, एकदा तरी बस माझ्या बसमध्ये," तेव्हा मी कुठे होतो? पाठांतर स्पर्धेला परीक्षक म्हणून. स्पर्धा पुढे ढकलता आली असती. मी विचारलंही नाही.

असो. काल बस तिथून उतरली. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट दाखवला. मग समता माइकवर म्हणाली, "आता पाच मिनिटं एका अशा जागी थांबू, जी तुमच्या छापील कार्यक्रमात नाही. माझ्या शिक्षिका इथे बस थांबवायच्या, म्हणून मीही थांबवते." आणि बस सात रस्त्यावरून चिंचपोकळी ओलांडून लालबागला आली आणि थांबली. कुठे थांबली असेल सांग? आपल्या चाळीसमोर!

सगळे खिडकीला चिकटून फोटो काढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दारासमोर, माझे दोन बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती. अनघाच्या सासूबाईंनीही फोटो काढला. अनघा तोंडाला ओढणी लावून हसत होती. मला मात्र घाम फुटला.

समता इंग्रजीत सांगत होती, मला समजेल इतकं सोपं. या बाजूच्या सगळ्या चाळी गिरणी कामगारांच्या. दहा बाय बाराची खोली, सामाईक नळ. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजायचा आणि रस्ते माणसांनी भरून जायचे. "पण लक्षात ठेवा," ती म्हणाली, "या घरांतल्या बायकांना भोंग्यानं कधीच उठवलं नाही."

आणि ताई, मी उठून उभा राहिलो. बेचाळीस माणसांत, भर बसमध्ये, बोट वर करून. रिटायर झालोय म्हणालो होतो ना? कसला रिटायर!

"एक्स्क्यूज मी, हे चूक आहे," मी मराठीतच म्हणालो. "भोंग्यानं अख्खी चाळ उठायची. बायका, पोरं, सगळी. चुकीची माहिती देऊ नका परक्या लोकांना. मी याच चाळीत राहतो. सत्तर वर्षं."

फोटो काढणारे माझ्याकडे वळले. भाषा न कळणाऱ्यांनाही कळलं की म्हातारा पोरीला रागे भरतोय. तिचा चेहरा उतरला. पण ती मागे हटली नाही. शांतपणे म्हणाली, "सर, मला जसं शिकवलंय तसं सांगते. आमच्या ताई म्हणायच्या, नळाला पाणी यायचं पाचच्या आधी. बाई तेव्हाच उठायची. पाणी भरायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची, बाबांचा डबा भरायची. भोंगा वाजेस्तोवर तिचा अर्धा दिवस झालेला असायचा. त्या सांगायच्या, आमच्या घरात भोंग्यानं फक्त माझा धाकटा भाऊ उठायचा. तोही आपणहून नाही, मी गदागदा हलवल्यावर."

तिनं तेच इंग्रजीतही सांगितलं. सगळे हसले. अनघाचे सासरेही हसले.

मला काय झालं असेल, सांगू? कानात तुझा आवाज आला. आपल्या मालवणीत. "बाबू, उठ मरे, भोंगो वाजलो." आणि तुझा हात. ओला, गार हात, ताई. त्या हाताला पिठाचा वास यायचा. रोज सकाळी माझ्या दंडाला तो गार हात लागायचा आणि मी चिडायचो. तो गार का असतो, हे मला एकदाही सुचलं नाही. मी शाळेत मुलांना सकाळवर निबंध घालायचो! भोंग्याची हाक, जागी होणारी गिरणगावची पहाट, असलं काहीतरी फळ्यावर लिहायचो.

समतानं मग माझ्याकडे वळून विचारलं, आवाजात राग नव्हता, "सर, तुम्ही सत्तर वर्षं इथे आहात, तर आमच्या ताईंना ओळखत असाल. दुसऱ्या मजल्यावरच राहायच्या."

बेचाळीस माणसं बघत होती. व्याही, विहीणबाई. झोपाळू भाऊ म्हणून आत्ताच सगळे हसलेले. आणि मी म्हणालो,

"चेहऱ्यानं ओळखत होतो."

खाली बसलो. बस सुटली.

दुसऱ्यांदा, ताई. पहिल्यांदा पंचविशीत होतो, अक्कल नव्हती म्हणून सोडून देता येईल. आता काय कारण?

अनघा शेजारी होती. लालबाग मागे टाकून काळाचौकी आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, ती आत्या होती. तुमची सख्खी बहीण होती."

मी छातीवरचा सातचा आकडा नखानं सोलत बसलो.

"आत्यानं मला कॉलेजात असताना दोनदा नेलं होतं तिच्या बसमधून. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ही झोपाळू भावाची गोष्ट तेव्हाही सांगायची. आणि पुढं काय म्हणायची माहितीये? तो भाऊ आता शिक्षक आहे, कविता शिकवतो, त्याला सकाळी लवकर उठवून चालत नाही. लोक टाळ्या वाजवायचे."

टाळ्या! माझ्यासाठी! आणि मी तुला शिपिंग ऑफिसात बसवलं होतं.

कॉटन ग्रीनची बंद गोदामं खिडकीतून सरकत होती. पत्रे गंजलेले, दारांवर पिंपळ. पुढे गोदीचा रस्ता. मला खूप थकल्यासारखं झालं. पायांचं नव्हे ते. असं वाटलं, बस अशीच चालत राहावी, कुणी काही विचारू नये, ग्रीन गेटपाशी गुपचूप उतरावं आणि घरी येऊन पडावं. कुणाला कळणार होतं? ती मुलगी दुसऱ्या दिवशी दुसरी बस घेऊन येणार, तीच गोष्ट सांगणार. अनघा जहाजात बसून जाणार. तू तर काही बोलणार नव्हतीसच. तू कधी बोललीस?

त्याचाच त्रास झाला बघ. तू बोलणार नव्हतीस, म्हणून मला बोलायला हवं होतं. गेटपर्यंत दहा मिनिटं राहिली असतील. मी उठलो. सीटा धरत धरत पुढे गेलो. समता पुढच्या सीटवर बसून पाणी पीत होती. मला बघून दचकली. तिला वाटलं, आणखी चूक काढायला आलो.

"पोरी, तो माइक दे जरा," मी म्हणालो. "मी मराठीत बोलतो. तू यांना सांग."

"सर, बसा ना, गाडी हलतेय. पडाल."

"पडू दे. दे."

तिनं दिला. माझा आवाज त्या यंत्रातून केवढा मोठा आला! मी म्हणालो, "मगाशी मॅडमनी सांगितलं तेच बरोबर होतं. चूक माझी. बायका भोंग्याच्या आधी उठायच्या. मला ते माहीत नव्हतं, कारण मी झोपलेला असायचो." समतानं ते इंग्रजीत सांगितलं. मग मी म्हणालो, "ज्या ताईंकडून या शिकल्या, त्यांना मी चेहऱ्यानं ओळखत होतो म्हणालो. ते खोटं. ती माझी मोठी बहीण. तिनं गाइडचं काम करून मला वाढवलं, शिकवलं, घर चालवलं. तो झोपाळू भाऊ मी."

हे इंग्रजीत यायला वेळ लागला. समतानं माइक तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. ड्रायव्हरनंच आरशातून विचारलं, "काय झालं मॅडम, बोला की." मग ती बोलली. हळू, एकेक वाक्य करून.

टाळ्या नाही वाजल्या हं. तसलं काही नाही. दोघं-तिघं आपलं सामान गोळा करत होते, जहाज गाठायचं होतं. एकानं पाच वाजता गेट बंद होतं का ते विचारलं. पण पुढच्या सीटवर एक गोरी आजी होती, काठीवाली, सकाळपासून कुठेही न उतरलेली. तिनं हात वर करून काहीतरी विचारलं.

समता मला म्हणाली, "सर, आजी विचारतायत, आता तुम्हाला कोण उठवतं?"



मी म्हणालो, "कुणी नाही. आपोआप जाग येते. पाचच्या आधी. पाणी येतं ना नळाला."

आजीनं ते समताकडून ऐकलं. मग तिनं माझा हात धरला, आणि गेट येईपर्यंत सोडलाच नाही. मी उभा, ती बसलेली. तिच्या हातात अंगठ्या होत्या, टोचत होत्या. मी काढून घेतला नाही.

गेटपाशी अनघा उतरली, गळ्यात पडली, रडली, सासूबाईंनी हाक मारली तशी पळाली. "बाबा, जेवा वेळेवर! बांगडे पुढच्या वेळी!" तिचे सासरे मात्र मागे थांबले. हात जोडून हिंदीत म्हणाले, "भाईसाब, मेरी भी दीदी थी." आणि ते गेले. मीच खुळा, त्या माणसाला दिवसभर घाबरत होतो.

समता बसच्या दारात उभी होती. "सर, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "तुझ्या ताईलाही हाच प्रश्न पडला असेल." ती म्हणाली, ती काळाचौकीची. तिचे आजोबाही गिरणीत होते. तू तिला फी न घेता शिकवलंस, आणि पहिल्या दिवशी सांगितलंस, गिरणगाव पुस्तकात शोधू नकोस, आजीला विचार ती किती वाजता उठायची. तू गेलीस तेव्हा ती कोचीला होती, एक गट घेऊन. तिला कुणी कळवलंच नाही. कळवणार कोण? तुझ्या कामातलं एकही माणूस मला माहीत नव्हतं.

मला वाटतं, या सगळ्यात जास्त वाईट मला त्याचंच वाटलं. तुझ्या दहाव्याला आपली चाळ होती, नातेवाईक होते. तुझी माणसं नव्हती.

हँगिंग गार्डनची गोष्ट मी माइकवर सांगितली नाही, ताई. ती सांगायला धीर झाला नाही, आणि खरं तर ती बसमधल्या लोकांसाठी नव्हतीच. ती इथे, या कागदावर आहे. तू हाक मारलीस, मी ऐकली होती, आणि मी तुला ओळखलं होतं. मला माफ कर, असं लिहिणार होतो. पण ते लिहिलं की काम झाल्यासारखं वाटेल, म्हणून नाही लिहीत.

त्याऐवजी एक वचन देतो. समता येत्या शनिवारी नव्याने शिकणाऱ्या पाच-सहा मुलींना घेऊन आपल्या चाळीत यायची आहे. मीच बोलावलंय. नळ दाखवीन, मोरी दाखवीन, तू भाकरी थापायचीस तो कोपरा दाखवीन. भोंग्याची गोष्ट मी सांगणार नाही. ती तुझी आहे, ती समता सांगेल. त्या मुली हसतील. तेव्हा मी सांगेन, तो मीच, आणि सगळ्यांना चहा करून देईन. आता येतो मला चहा.

आणि कुणी विचारलंच, "तुमची बहीण काय करायची?", तर गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगेन.

तुझा,
उशिरा उठलेला
बाबू